डुकरे पकडून पट्टकृमी हटणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोकाट डुकरांचा उपद्रव, ती पकडण्यासाठी नगरपालिकांनी दिलेली कंत्राटे, पकडताना होणारी वादावादी आणि मालकांवर दाखल होणारे गुन्हे यांविषयीच्या बातम्या आणि वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात वरचेवर येत असतात. त्या चर्चेत घाण, रहदारीला अडथळा आणि पिकांची नासाडी यापलीकडे सहसा काही नसते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने डुकरांकडे ज्या कारणासाठी खरोखर लक्ष द्यायला हवे, त्या पट्टकृमीचा, म्हणजे दवाखान्यात ज्याला टेपवर्म म्हणतात त्याचा, उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्यांत पशुधन विकास अधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला मी एक पशुवैद्य आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की या कृमीविरुद्ध डुकरांसाठी लस आहे, औषध आहे, लस तर आपल्याच देशात तयार होते. तरीही ती गावापर्यंत पोहोचत नाही, कारण खर्च चार डुकरे पाळणाऱ्याने करायचा आणि फायदा मात्र त्याच्या ओळखीच्याही नसलेल्या कुटुंबाला व्हायचा, असा हा व्यवहार आहे. तो आपोआप जुळून येणार नाही. हा खर्च सरकारनेच उचलला पाहिजे.

रोगाचा फेरा नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढचे म्हणणे पटणार नाही, म्हणून आधी तो सांगतो. पूर्ण वाढलेला पट्टकृमी फक्त माणसाच्या आतड्यात राहतो. त्याची लांबी दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत भरू शकते. त्याच्या टोकाकडचे पिकलेले तुकडे सुटून शौचावाटे बाहेर पडतात आणि अशा एकेका तुकड्यात हजारो, कधी कधी पन्नास हजारांपर्यंत अंडी असतात. उघड्यावर पडलेली ही विष्ठा डुकराने खाल्ली, की अंड्यांतून निघालेले भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तावाटे स्नायूंत पोहोचतात आणि तिथे पाण्याने भरलेले लहान लहान कोष तयार होतात. असे मांस कच्चट राहिले आणि माणसाने खाल्ले, की कोषातील डोके आतड्याला चिकटते आणि दोनेक महिन्यांत नवा पट्टकृमी तयार होतो. ज्याच्या पोटात तो असतो त्याला बहुधा फारसा त्रासही होत नाही. कधी पोट दुखते, कधी कपड्याला पांढरा तुकडा चिकटलेला दिसतो, एवढेच.

खरा घात पुढे आहे. हीच अंडी अन्नपाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांवाटे माणसाच्या पोटात गेली, तर डुकराच्या शरीरात जे घडते तेच माणसाच्या शरीरात घडते, आणि कोष स्नायूंबरोबरच डोळ्यांत व मेंदूतही बसतात. मेंदूत बसलेला कोष बराच काळ गप्प राहतो आणि मरू लागला की भोवती सूज येऊन फिट येते. संसर्ग आणि पहिली फिट यांत कित्येक वर्षे जाऊ शकतात. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात चाकरी करून मायदेशी परतलेल्या गोऱ्या सैनिकांना नंतर फिट येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांच्या शरीरात हे कोष सापडले. अशा ४५० रुग्णांचा, बहुतांशी सैनिकांचाच, अहवाल १९६१ साली प्रसिद्ध झाला होता. म्हणजे आपल्याकडच्या या रोगाची पहिली तपशीलवार नोंद झाली ती विलायतेतल्या दप्तरात, आणि गावातल्या रुग्णाला मात्र लोक देवऋष्याकडे नेत राहिले.

यातला एक मुद्दा सुशिक्षित मंडळींच्याही ध्यानात येत नाही. मेंदूत कोष करणारी अंडी डुकराच्या मांसात नसतात आणि डुकराच्या विष्ठेतही नसतात. ती येतात फक्त पट्टकृमी बाळगणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून. म्हणून आयुष्यात कधी डुकराच्या मटणाला हात न लावलेल्या, अगदी माळकरी घरातल्या मुलालाही हा रोग होऊ शकतो आणि होतो. न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू वस्तीत, जिथे डुकराचे मांस धर्माने निषिद्ध आहे, परस्परांशी संबंध नसलेल्या चार रुग्णांच्या मेंदूत हे कोष सापडल्याचा वृत्तांत १९९२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. शोध घेतल्यावर संसर्गाचे कारण डुकरांत सापडले नाही. घरकामाला येणाऱ्या आणि स्वतःच्या पोटातल्या कृमीची कल्पनाही नसलेल्या व्यक्तींपर्यंत तो माग पोहोचला. आपल्याकडे 'कोबीतली अळी मेंदूत जाते' अशी एक समजूत घट्ट बसली आहे आणि तिच्यापायी कित्येक घरांत कोबी आणणेच बंद झाले आहे. कोबीवरच्या अळीचा या रोगाशी काडीचाही संबंध नाही. सांडपाण्यावर वाढलेल्या पालेभाजीला ही अंडी चिकटलेली असू शकतात, त्यामुळे भाजी धुऊन घ्यावी हे खरे. पण त्याहून मोठा धोका एकाच घरात किंवा एकाच खानावळीत राहणारा, शौचानंतर साबणाने हात न धुणारा कृमीबाधित माणूस हा आहे.

हा रोग दुर्मीळ असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ज्या प्रदेशांत हा कृमी मुरलेला आहे, तिथे अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, सुमारे ३० टक्के रुग्णांच्या मुळाशी मेंदूतले हे कोष असतात. २०१० साली संघटनेने त्याचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला, आणि २०१४ मध्ये तिने अन्न व कृषी संघटनेबरोबर अन्नातून पसरणाऱ्या परजीवींची जी क्रमवारी प्रसिद्ध केली, तीत पहिला क्रमांक याच पट्टकृमीचा होता. आपल्या देशात लखनौजवळच्या मोहनलालगंज भागात डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांची पाहणी झाली आणि २००७ मध्ये तिचे निष्कर्ष छापले गेले. तपासलेल्या ९२४ जणांपैकी १८.६ टक्के लोकांमध्ये पट्टकृमी आढळला होता. सीटी स्कॅन नवे होते त्या काळात फिट आलेल्या भारतीय रुग्णांच्या मेंदूत दिसणारा लहानसा एकुलता ठिपका क्षयाची गाठ समजून त्यांना महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील वेदांतम राजशेखर आणि मॅथ्यू चॅण्डी यांनी शस्त्रक्रियेने काढलेले नमुने तपासून दाखवले, की असे बहुतेक ठिपके म्हणजे मरू घातलेले पट्टकृमीचे कोष असतात. रुग्णालयांनी आपल्या बाजूचे काम असे पुष्कळ पुढे नेले. गोठ्याच्या बाजूचे काम मात्र जिथल्या तिथे आहे.

गोठा हा शब्द मी सवयीने वापरला; आपल्याकडची बहुतेक डुकरे गोठ्यात नसतातच. कैकाडी, वडार आणि अशाच कष्टकरी समाजांतील कुटुंबे गावाच्या कडेला, ओढ्याच्या काठी, शहरात झोपडपट्टीच्या मागल्या अंगाला दोन-चार माद्या आणि त्यांची पिल्ले राखतात. सकाळी सोडली की ती दिवसभर उकिरडे, गटारे आणि लोकांच्या परसाकडच्या जागा फिरून पोट भरतात आणि संध्याकाळी परततात. रात्री हॉटेलचे खरकटे मिळाले तर ते, नाहीतर तेही नाही. डुक्कर बांधून घातले की त्याला रोज खाऊ घालावे लागते आणि भरड्याचा आजचा दर पाहता चार डुकरे बांधून पोसणे या कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचे आहे. अडीअडचणीला, मुलीच्या लग्नाला, शाळेच्या फीला एक डुक्कर विकून पैसे उभे करायचे, हा या धंद्याचा हिशेब. खर्च शून्य असल्यामुळेच तो जमतो. 'डुकरे बांधून पाळा' असे भिंतीवर रंगवून हे बदलणार नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या उद्योजकता योजनेत वराहपालनाला ५० टक्के अनुदान आहे खरे. परंतु ते डझनावारी माद्यांची पैदास केंद्रे उभारणाऱ्यांसाठी आहे. बँकेचे कर्ज, जमिनीचा उतारा आणि प्रकल्प अहवाल जोडू शकणारा माणूस हा अर्ज भरतो. ज्याच्या डुकरांत कोष सापडतात, त्याच्या नावावर बहुधा सातबाराच नसतो.

आता पकडमोहिमेविषयी. कंत्राटदाराची माणसे पहाटे जाळी घेऊन येतात, हाती लागतील ती डुकरे गाडीत कोंबतात आणि दोन दिवसांत ती कुठल्या तरी व्यापाऱ्याकडे जातात. ती कुठे गेली, कोणी कापली, कापण्याआधी कोणी पाहिली का, याची नोंद मला माझ्या कारकिर्दीत कधी कुठल्या पालिकेच्या फायलीत दिसली नाही. ज्या वस्तीत उघड्यावर शौच चालते तिथली, म्हणजे संसर्गाची शक्यता सर्वांत जास्त असलेली डुकरे आपण सरकारी खर्चाने उचलतो आणि बिनतपासणीच्या बाजारात सोडतो. वस्तीतला कृमीबाधित माणूस जिथल्या तिथेच असतो. मालक पुढच्या महिन्यात दुसरी पिल्ले आणतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो. शिवाय पोलिसांच्या धाकाने मालक डुकरे लपवू लागले, की लस टोचायला गेलेल्या पशुधन पर्यवेक्षकालाही वस्तीत एक डुक्कर दिसत नाही. हा अनुभव खात्यातल्या अनेकांना असेल.

संसर्ग असलेले डुक्कर ओळखता येत नाही असे मात्र नाही, आणि या व्यापारातली जाणती माणसे ते ओळखतात. डुकराला आडवे पाडून दोघे जण दाबून धरतात, जबड्यात आडवी काठी सरकवतात, जीभ फडक्यात धरून बाहेर ओढतात आणि तिच्या खालच्या बाजूवरून अंगठा फिरवतात. कोष असतील तर कातडीखाली टणक दाणे सरकताना लागतात. मांस कापल्यावर तेच कोष भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात, अर्धपारदर्शक, आत एक पांढरा ठिपका. जिभेवर दाणा लागला तर त्या डुकरात कोष आहेत हे जवळपास नक्की समजावे. पण दाणा लागला नाही म्हणून डुक्कर स्वच्छ, असे समजण्यात अर्थ नसतो, कारण थोडे कोष असलेली बरीच जनावरे या तपासणीतून सुटतात. कत्तलखान्यात स्नायूंना चिरा देऊन पाहण्याची रीतही हलक्या संसर्गाला पुरी पडत नाही.

आणि जे डुक्कर या तपासणीत सापडते त्याचे काय होते? ते परत जात नाही, फक्त त्याचा भाव पडतो. चांगल्या दुकानाला जायचे ते आठवडी बाजाराच्या कोपऱ्यात, नाहीतर वस्तीतच कापले जाते आणि तिथल्याच लोकांच्या ताटात पडते. पेरू देशाच्या डोंगराळ भागात, हुआंकायो शहराच्या परिसरात, संशोधकांनी हा व्यवहार बारकाईने पाहिला आणि १९९३ मध्ये त्याविषयी लिहिले. तिथेही व्यापारी आधीच जीभ तपासत आणि दाणे असलेली डुकरे अधिकृत कत्तलखान्याकडे न नेता परस्पर विकत, कारण तिथे ती जप्त होण्याची भीती होती. परिणामी अधिकृत कत्तलखान्याच्या नोंदी स्वच्छ राहिल्या आणि रोग बाहेर वाढत राहिला. तपासणी कडक करायची आणि जप्त केलेल्या जनावराची भरपाई द्यायची नाही, या धोरणाचे फळ याहून वेगळे येणार नाही.

आपल्या कायद्यातही हीच गोम आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांचे प्रतिबंध व नियंत्रण करण्यासाठी २००९ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत डुकरांमधील सिस्टिसर्कोसिस, म्हणजे हेच कोष, नमूद आहेत आणि अनुसूचित रोगाची खबर देणे पशुपालकावर बंधनकारक आहे. माझ्या उभ्या नोकरीत कोणी डुक्करपालक आपण होऊन ही खबर द्यायला दवाखान्यात आला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. त्याने खबर दिली तर त्याच्या पदरात काय पडणार होते? डुक्कर आजारी दिसत नाही, खाते-पिते, वजन धरते. कोष असलेली बहुतेक डुकरे वरून अगदी ठणठणीत असतात. रोगामुळे मालकाचे काही बिघडत नाही, बिघडते ते खबर दिल्यामुळे.

म्हणूनच ज्या उपायाने जनावर वाचते आणि मालकाचे उत्पन्नही वाचते, तोच उपाय इथे चालेल. तसा उपाय उपलब्ध आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात मार्शल लाइटओलर्स यांच्या गटाने विकसित केलेली टीएसओएल-१८ ही लस हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्सने 'सिसव्हॅक्स' या नावाने बाजारात आणली आहे. तिचे दोन डोस द्यावे लागतात आणि खरे संरक्षण दुसऱ्या डोसनंतरच मिळते. लस नवा संसर्ग रोखते, परंतु आधीच स्नायूंत बसलेल्या कोषांवर तिचा उपयोग होत नाही. त्यासाठी ऑक्सफेंडाझोल हे जंतनाशक आहे. वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम या प्रमाणात ते एकदा पाजले, की स्नायूंतले कोष मरतात आणि पुढच्या काही आठवड्यांत विरून जातात. माझ्या व्यवसायबंधूंनी इथे एक काळजी घ्यावी: गाई-म्हशींना आपण हे औषध किलोमागे पाच मिलिग्रॅमच्या आतबाहेर देतो, आणि त्या हिशेबाने डुकराला पाजले तर कोषांना धक्काही लागत नाही. औषध दिल्यानंतर ठरावीक काळ ते जनावर कापता येत नाही, म्हणून तारीख लिहून ठेवणे आणि ती खरेदीदाराला कळणे आवश्यक आहे.

ही दोन्ही एकत्र वापरली तर काय होते, हे आपल्या शेजारी पाहायला मिळाले आहे. उत्तर प्रदेशाला लागून असलेल्या नेपाळच्या बांके जिल्ह्यात गावठी पद्धतीने पाळलेल्या डुकरांना साधारण तीन महिन्यांच्या अंतराने लस आणि ऑक्सफेंडाझोल देण्यात आले, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूर्ण उपचार झालेल्या डुकरांच्या मांसात जिवंत कोष सापडले नाहीत. तिथल्या लोकांनी डुकरे बांधली नव्हती, वस्तीही बदलली नव्हती. पेरूच्या उत्तरेकडील तुंबेस प्रांतात याहून मोठे काम झाले. माणसांना निक्लोसामाइड हे पट्टकृमीवरचे औषध आणि डुकरांना ऑक्सफेंडाझोल व लस असा तिहेरी मारा १०७ खेड्यांत, सुमारे ८१ हजार लोकवस्तीत करण्यात आला आणि त्यांपैकी १०५ खेड्यांत कृमीचा फैलाव थांबल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कृती गटाने या कृमीचे उच्चाटन शक्य असल्याचे मत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते. तुंबेसने ते एका संपूर्ण प्रांतात करून दाखवले.

मग आपल्याकडे अडले कुठे? चार डुकरांचा मालक दोन डोसांचे पैसे स्वतःच्या खिशातून देईल, अशी अपेक्षाच चुकीची आहे, कारण लस टोचलेल्या डुकराला बाजारात एक रुपयाही जास्त मिळत नाही. पशुसंवर्धन खाते म्हणते हा माणसाच्या मेंदूचा रोग, आरोग्य खाते म्हणते ही डुकरांची लस. आणि दोन्ही खाती आपापल्या परीने खरेच बोलत असतात. लाळ्या-खुरकूतविरोधी राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून सुरू आहे आणि त्यात गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांबरोबर डुकरांचाही समावेश आहे. स्वाइन फीव्हरच्या लसीकरणाचाही केंद्रीय कार्यक्रम आहे. म्हणजे डुकरांच्या वस्तीपर्यंत शीतपेटी घेऊन माणूस जाणे कागदोपत्री तरी ठरलेले आहे. त्याच फेरीत पट्टकृमीची लस आणि ऑक्सफेंडाझोलचा डोस जोडला, तर जनावर पकडण्याचा, धरण्याचा आणि प्रवासाचा खर्च वेगळा येत नाही, आणि डुक्कर धरण्यात किती घाम निघतो हे ज्याने धरले आहे त्यालाच माहीत. टोचलेल्या डुकराच्या कानात बिल्ला असला, की व्यापाऱ्यालाही ओळख पटते. मालकाला पटवायला एक हुकमी गोष्ट हाताशी आहेच: ऑक्सफेंडाझोलने पोटातले गोल जंतही पडतात आणि पिल्ले अंग धरू लागतात. मेंदूतल्या कोषावरचे व्याख्यान ऐकून जो वळणार नाही, तो अंग धरलेली पिल्ले पाहून पुढच्या खेपेला स्वतः बोलवायला येतो.

माणसांच्या बाजूचे काम त्याच वस्तीत, शक्यतो त्याच आठवड्यात व्हायला हवे. २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांत जंतनाशक दिन पाळला जातो आणि मुलांना अल्बेंडाझोलची एक गोळी मिळते. गोल जंतांसाठी ती चांगली आहे. पट्टकृमीसाठी एका गोळीवर विसंबता येत नाही, शिवाय पट्टकृमी मोठ्या माणसांतही असतो आणि ती शाळेत नसतात. निक्लोसामाइड आतड्यातून रक्तात शोषले जात नाही, त्यामुळे मेंदूत सुप्त कोष असलेल्या माणसालाही त्यापासून धोका नसतो. प्राझिक्वांटेल हे दुसरे औषध प्रभावी असले, तरी ते अशा माणसात फिट आणू शकते. म्हणून कोणाला कोणते औषध द्यायचे हा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरचाच असावा, औषधाच्या दुकानदाराचा नव्हे. एका घरात फिट येणारे मूल निघाले, तर त्या घरातल्या आणि शेजारच्या घरांतल्या सर्वांची विचारपूस आणि शौचतपासणी करणे ही रीत पडली पाहिजे. मेंदूविकारतज्ज्ञ निदान करून गोळ्या लिहून देतात, पण त्यांच्या चिठ्ठीची खबर गावच्या आशाताईंपर्यंत पोहोचत नाही आणि कृमीबाधित माणूस त्याच चुलीपुढे भाकरी थापत राहतो.

शौचालयांबाबत महाराष्ट्राने लवकर सुरुवात केली होती. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावे ढवळून निघाली, पुढे स्वच्छ भारत अभियान आले आणि २०१९ मध्ये ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. या सर्व कामाचा मला आदर आहे. परंतु हंगामात साखर कारखान्याच्या आवारालगत ऊसतोड मजुरांच्या कोप्या जिथे पडतात, किंवा वीटभट्टीवर कुटुंबे जिथे सहा-सहा महिने राहतात, तिथे जाऊन पाहावे. शेकडो माणसांमागे शौचालये नावाला असतात, पाणी नसते, आणि कोप्यांच्या मागे डुकरे फिरत असतात. ही माणसे हंगाम संपला की आपापल्या जिल्ह्यांत परततात आणि गावच्या घरात शौचालय असले, तरी पोटातला कृमी बरोबर घेऊन येतात. गावांची आकडेवारी त्यांना मोजत नाही. जिथे शौचालय पक्के होते तिथे हा कृमी आपसूक मागे हटतो. युरोपात तो संपला तो मुख्यतः शौचालये, बंदिस्त वराहपालन आणि मांसतपासणी यांच्यामुळेच. गोव्यातल्या जुन्या घरांमागचे डुकरांचे संडास बव्हंशी गेले ते घराघरांत पक्के संडास आल्यामुळे, आणि तरीही सोरपोतेल आणि चोरिस या डुकराच्या मांसाच्या पदार्थांची आवड तिळमात्र कमी झाली नाही. डुक्करपालन आणि स्वच्छता यांचे हाडवैर नाही, हे सांगायला एवढा दाखला पुरे.

कापण्याच्या जागेचा प्रश्न राहिला. २००१ च्या कत्तलखानाविषयक नियमांनुसार पालिका हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही आणि तिथला पशुवैद्य तासाला बारांहून अधिक जनावरे तपासू शकत नाही. मुंबईत देवनारला डुकरांसाठी सोय आहे. तालुक्याच्या गावी ती बहुधा नसते. मग नियम पाळायचा कोणी आणि कुठे? मोठे यांत्रिक कत्तलखाने मागण्याची गरज नाही. सिमेंटचा उतार दिलेला ओटा, नळाचे पाणी, दिवा, सांडपाण्याचा खड्डा आणि आठवड्यातून ठरलेल्या दोन सकाळी येणारा पशुवैद्य एवढे असले, तरी बाजारापुढचे पुष्कळ मांस डोळ्यांखालून जाईल. तिथे जनावर नापास झाले, तर मालकाला बाजारभावाच्या निम्मी तरी भरपाई मिळाली पाहिजे, नाहीतर हुआंकायोचीच गत होईल. खाणाऱ्यांना सांगायचे ते थोडके आहे: मांस आतपर्यंत शिजवावे, मधोमध गुलाबी राहू देऊ नये, आणि उणे १५ अंशांवर तीन दिवस किंवा उणे ५ अंशांवर चार दिवस पूर्ण गोठवलेल्या मांसातले कोष मरतात. घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून मात्र ते मरत नाहीत.

काही वाचक विचारतील, की पकडमोहिमा बंद करून डुकरांना रस्त्यावर मोकळे रान द्यायचे का? तसे मी म्हणत नाही. रस्त्यावर डुकरे नसावीत हे मलाही मान्य आहे. पण कंत्राटदाराला दर डुकरामागे जी रक्कम दिली जाते, तेवढ्यात एका डुकराच्या दोन डोसांचे आणि औषधाचे काम भागेल की नाही, हा हिशेब एखाद्या पालिकेने एकदा मांडून पाहावा. पालिकेने वस्तीजवळ सामाईक गोठ्यांसाठी पडीक जागा भाड्याने दिली, हॉटेलांचे खरकटे उकळून वापरण्याची सोय केली, आणि त्या बदल्यात डुकरे बांधण्याची व टोचून घेण्याची अट घातली, तर मालक ती पाळतील, कारण त्यांनाही दर महिन्याला जाळीवाल्यांशी भांडण नको असते. खरकटे उकळून घातले तर स्वाइन फीव्हरचाही धोका कमी होतो. २०२० पासून ईशान्य भारतात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विचार करता ही खबरदारी आपल्याला तशीही घ्यावीच लागणार आहे.

पशुसंवर्धन आयुक्तालयाला माझी विनंती एवढीच आहे, की ज्या तालुक्यांत डुकरांची संख्या आणि अपस्माराचे रुग्ण दोन्ही जास्त आहेत, असे दोन-तीन तालुके जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नोंदी आणि पशुगणनेचे तक्ते शेजारी ठेवून निवडावेत आणि तिथल्या डुकरांच्या पुढच्या लसीकरण फेरीत सिसव्हॅक्स व ऑक्सफेंडाझोल मोफत द्यावे. दुसऱ्या डोसची तारीख पहिल्या डोसच्या दिवशीच मालकाच्या हातात लेखी द्यावी. फेरीआधी आणि वर्षभरानंतर तिथे कापल्या जाणाऱ्या डुकरांचे जीभ, हृदय आणि मांडीचे स्नायू चिरून कोष मोजण्याचे काम नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाने परळच्या किंवा शिरवळच्या आपल्या महाविद्यालयाकडे सोपवावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात, आणि असे आकडे हाती आले, तर पुढच्या अंदाजपत्रकात रक्कम मागताना खात्याला अंदाजाने बोलावे लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
जि. सातारा